प्रतिसाद: एआरटीची (एचआयव्हीवरच्या उपचाराची) गोळी कुटून प्रयोगात वापरावी का?

झिडोव्हुडीन या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी कुटून आरटी (रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या) एन्झाइमच्या चाचणीत घालायचा विचार वरच्या पोस्टमध्ये मांडलाय, तो कृपया सोडा. गोळीत सेल्युलोजसारखे इतर घटकही असतात. शिवाय एआरटी केंद्रातली गोळी रुग्णाच्या वाट्याची. शुद्ध औषधाची पावडर घ्या.

पण पावडरही नुसती चालणार नाही! पेशीतले कायनेज (फॉस्फेट जोडणारे एन्झाइम) झिडोव्हुडीनला तीन फॉस्फेट जोडतात, तेव्हाच ते आरटीला अडवतं. परीक्षानळीत पेशी कुठून येणार? तीन फॉस्फेट आधीच जोडलेलं झिडोव्हुडीन ट्रायफॉस्फेटच मागवा, किंवा नेव्हिरापीन हे दुसरं औषध, ते आरटीला थेट चिकटतं. मात्र एचआयव्ही-१ च्याच एन्झाइमला, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) किटमधल्या एमएमएलव्हीला, म्हणजे उंदराच्या विषाणूच्या आरटीला, नाही. नेव्हिरापीन डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवाच.

आणि सोलापुरात मे महिन्यात ट्रायफॉस्फेट येणार असेल तर कोल्ड पॅकिंगशिवाय पार्सल स्वीकारू नका.