मदत हवी आहे : शिवणटेबलाचे खण पावसाळ्यात अडकतात

रत्नागिरीत आईसाठी सागवानी शिवणटेबल करतोय. ४ फूट बाय २ फूट, उंची ३० इंच. याहून मोठं खोलीत मावणार नाही. मशीन खाचेत बसवतोय, म्हणजे त्याचा पाट टेबलाशी सपाट राहील आणि साडीला फॉल लावताना कापड अडणार नाही. ते जमलंय.

अडलंय ते खणांपाशी. रिळं, बॉबिन, कात्र्यांसाठी उजवीकडे तीन खण हवेत. नमुन्याचा एक खण लाकडी पट्ट्यांवर, मेण चोळून बसवला. पावसाळ्यात फुगून घट्ट झाला. खण ज्यावर सरकतात ती साधी लोखंडी चॅनेल खाऱ्या हवेत गंजतात, शिवाय मोटर चालू असताना खडखडतात. प्लायवूड नकोय.

किनारपट्टीवर कुणी असे खण केलेत का? लाकडी पट्ट्याच ठेवायच्या तर दोन्ही बाजूंना फट किती सोडू, की स्टेनलेस स्टीलची चॅनेल घेऊ?