मदत हवी आहे : पिऊन गाडी चालवणाऱ्यांना गावाने कसं थांबवायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. शनिवार-रविवारी पर्यटक, शिमग्याला चाकरमानी. रात्री पुळणीवर बसून प्यायची आणि तसंच गाडीवर बसायचं, हे नेहमीचं झालंय. रस्ता एका गाडीपुरता, कडेला जांभ्याचा गडगा, वळणावर समोरचं काही दिसत नाही. त्याच रस्त्याने रात्री पालखी फिरते, सोबत लहान पोरं असतात. जीव मुठीत धरून चालतो आम्ही.

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पण तपासणी वाडीपर्यंत पोचत नाही.

महिला मंडळ आणि वाडीतली पोरं तयार आहेत. लॉजवाल्यांनी पाहुण्यांना समजावून चावी ठेवून घ्यायची, रात्री दोन रिक्षा उभ्या ठेवायच्या, असा विचार आहे. जबरदस्ती नको, नाहीतर हाणामारी व्हायची. रिक्षांचं भाडं कोणी द्यायचं, तिथे घोडं अडलंय.

मालवण, गुहागर, अलिबागकडे कुणी असं काही केलंय का? ग्रामसभेचा ठराव घेतलात की थेट पोलीस ठाण्यात अर्ज दिलात? अर्जाचा नमुना असेल तर कृपया टाका, शिमग्याआधी द्यायचा आहे.