दमा आणि मानेच्या रक्तवाहिनीतला प्लाक: काही संबंध असतो का? मदत हवी आहे

माझ्या मोठ्या बहिणीला (वय ५८) लहानपणापासून दमा आहे. स्टेरॉइडचा पंप वर्षानुवर्षं रोज चालू. सिगारेट कधीच नाही, शुगर नॉर्मल, बीपी काठावर. चक्कर येते म्हणून मानेचा डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केला, तर रक्तवाहिनीत प्लाक, म्हणजे चरबीचा थर, निघाला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू केलंय, ॲस्पिरिन आणि बीपीच्या गोळीचं पुढच्या भेटीत ठरेल.

घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, हे सगळं पंपामुळे झालं, तो आधी बंद कर. दुसरा म्हणतो, फुप्फुसाचा आणि रक्तवाहिन्यांचा संबंधच काय? बहीण घाबरून पंप एक दिवसाआड घ्यायला लागली आहे. प्लाकपेक्षा मला त्याचीच धास्ती. सीआरपीची (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्यावी का?

पाणचक्की:
पंप रोज घ्यायला लावा, बाकीचं नंतर. पंपातलं स्टेरॉइड मुख्यतः श्वासनळीत काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं. तो चुकवला की दमा उसळतो, मग स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स घ्यावे लागतात आणि बीपी-शुगर वाढते ती त्या गोळ्यांनी. पहिल्या तटाला एवढं सांगा.

दुसरा तटही चुकतोय. रोजच्या दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात आणि सुजेची रसायनं रक्तातही उतरतात. त्यातलं आयएल-६ यकृताला सीआरपी बनवायला लावतं. तिकडे रक्तवाहिनीच्या अस्तराखाली एलडीएल शिरलं की पांढऱ्या पेशी ते गिळून तिथेच फुगून बसतात, तोच प्लाक. अंगात सूज असेल तर अस्तर चिकट होतं आणि आणखी पेशी आत ओढल्या जातात. सूज हा नुसता बघ्या नाही, हे २०१७ च्या कँटोस चाचणीत दिसलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने कोलेस्टेरॉल न उतरवता फक्त सूज कमी केली, तर १५० मिलीग्रॅमच्या डोसला पुढचे झटके वगैरे सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले, म्हणून ते हृदयासाठी सर्रास देत नाहीत.

आडवाट:
वरच्या प्रतिसादाला थोडा लगाम. थेट दम्यावरचा पुरावा म्हणजे अमेरिकेतला मेसा अभ्यास, २०२२ साली छापलेला, पाच हजारांवर माणसांचा. रोज औषध लागणाऱ्या दमेकऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्क्यांच्या मानेत प्लाक होता, दमा नसलेल्यांत निम्म्यांच्या. अधूनमधून दमा होणाऱ्यांत फरक जवळपास नव्हता. पण गंमत अशी की आयएल-६ आणि सीआरपी हिशेबात धरूनही संबंध जेमतेम सैल झाला. म्हणजे सुजेची गोष्ट पटण्यासारखी असली तरी या दोन आकड्यांत ती मावत नाही. शिवाय रोज औषध लागणाऱ्यांच्या गटात फक्त शंभरेक होते.

एचएस-सीआरपी (सीआरपीचीच जास्त बारीक तपासणी) हवी तर करा, पण सर्दी-ताप किंवा दम्याचा जोर असताना नको, आकडा उगाच चढलेला येईल. तसाही प्लाक डोळ्यांनी दिसलाय, स्टॅटिन सुरू आहे, त्या आकड्याने उपचार फारसे बदलणार नाहीत.

खरी गरज आहे हृदयाच्या डॉक्टरांना दम्याबद्दल ठळक सांगायची. बीपीसाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी श्वासनळ्या आवळतात. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल त्या मानाने सौम्य, तेही जपूनच. आणि काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनने धाप लागते, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ गाठी) असतील तर. बहिणीला कधी दुखण्याची गोळी बाधली होती का?

धागाकर्ती:
दोघांचे आभार. विचारलं तर म्हणाली, दाढ दुखत होती तेव्हा आयब्युप्रोफेन घेतल्यावर तासाभरात छाती भरून आली होती आणि पंपावर पंप घ्यावे लागले. तिने ते दाढेच्या दुखण्यावर ढकललं, कुणाला सांगितलंच नाही. पॉलिपचं ऑपरेशनही झालंय!

आडवाट:
मग त्याच जातीच्या ॲस्पिरिनचा कमी डोससुद्धा डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय नको. पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच फोन करा. रक्त पातळ करायला क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे पर्याय असतात, ते त्यांना ठरवू द्या. दुखण्यासाठीही आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरात नकोच.