फ्रेमच्या दुकानातली जुनी हत्यारं, काय ठेवू काय देऊ?

मेनरोडकर: नमस्कार मंडळी, नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या गल्लीतलं आजोबांचं फोटो फ्रेमचं दुकान खाली करतोय. बिडाचं पायाने दाबायचं पट्टी कापायचं मशीन आहे, त्याला दोन पाती, शिवाय पंचेचाळीस अंशांच्या खाचांची लाकडी पेटी, करवत, कोपरे धरायचे शिकंजे आणि काच कापायचा हिरा. भंगारवाला मशीन किलोवर मागतोय. मला घरातल्या तसबिरी स्वतः करायच्यात. पेटीत पट्टी कापली की तीन कोपरे मस्त बसतात आणि चौथ्यात फट राहते, असं का होतं?

पंचवटीचा सुतार: दादा मशीन भंगारात अजिबात देऊ नका!! ती दोन पाती एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे एका दाबात या पट्टीचा शेवट आणि पुढच्या पट्टीची सुरुवात दोन्ही कापून निघतात, मधला तिकोनी तुकडा खाली पडतो. फक्त एका झटक्यात कापायला जायचं नाही, पट्टी फाटते. पाती थोडी थोडी पुढे सरकवत घ्यायची आणि शेवटचा काप अगदी कागदाएवढा ठेवायचा, मग करवतीपेक्षा गुळगुळीत तोंड मिळतं, पॉलिश पेपरची गरजच नाही. आणि पेडलवर पाय असताना हात पात्यांच्या जवळ न्यायचा नाही म्हणजे नाही.

काटकोन: चौथ्या कोपऱ्याचं सांगतो. एका फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तरी सगळी चूक साठत जाऊन शेवटच्या कोपऱ्यात चार अंश दिसते. जुन्या पेटीच्या खाचा करवतीने घासून रुंद होतात आणि पातं आत डुलतं, बहुतेक तेच असणार. दुसरं म्हणजे समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून बोट फिरवून बघा, लांबीत एक मिलीमीटरचा फरक असला तर कोन अचूक असूनही फट पडतेच. हे आधी तपासा, पेटीला दोष नंतर द्या. फटीत लांबी (पुट्टी) भरून वर सोनेरी रंग मारणारे खूप आहेत, मला ते बघवत नाही.

मेनरोडकर: खाचा खरंच रुंद झाल्यात, आत्ताच बघितल्या. हिऱ्याचं काय करू? रेघ कधी पडते कधी नाही.

काटकोन: प्रत्येक हिऱ्याचा कल वेगळा, तो हाताला सापडावा लागतो. टाकाऊ काचेवर तिरका करत करत ओढा, जिथे करकर थांबून बारीक सलग आवाज येतो तोच कोन. रेघ एकदाच मारायची, त्याच रेघेवरून परत फिरवला तर हिरा खराब होतो. आणि काच लगेच तोडायची, उद्यावर ठेवायची नाही.

पंचवटीचा सुतार: पात्यांना धार लावायची तर घरी कानस फिरवू नका. जोडीनेच ग्राइंड करून घ्या, एक जास्त घासलं गेलं की कोन गेला. सातपूर-अंबडला टूल ग्राइंडिंगवाले भरपूर आहेत, पण नेताना दोन्ही पाती जाड पुठ्ठ्यात गुंडाळून न्या आणि कुठलं डावं कुठलं उजवं ते काढण्याआधीच मार्करने लिहून ठेवा.