संधी द्यावी, पण डोळे उघडे ठेवून
नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, तेव्हा एकांनी लिहिलं की आता निदर्शनं बंद करा आणि त्याला संधी द्या. अर्धं पटलं. त्याच्याविरुद्ध हरलेल्या हिलरी क्लिंटनने स्वतः ९ नोव्हेंबरच्या भाषणात त्याला संधी द्या असंच सांगितलं, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या ओबामाने दुसऱ्याच दिवशी त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, तेही ज्याने ओबामाच्या जन्मदाखल्यावरून (तो अमेरिकेत जन्मलाच नाही असा) वर्षानुवर्षं संशय पसरवला त्या माणसाला! मला हे फार मोठं वाटलं. एकूण मतं हिलरीला जास्त होती हे खरं, पण इलेक्टोरल कॉलेजचा (राष्ट्राध्यक्ष एकूण मतांवर नव्हे, तर राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो हा) नियम दोघांनाही आधीपासून माहीत होता, त्यामुळे निकालावर वाद नकोच.

पण मुस्लिमांना देशात येऊ देणार नाही ही घोषणा त्यानेच डिसेंबर २०१५ मध्ये केली होती ना, आणि निवडून आल्या आल्या स्टीव्ह बॅनन या कडव्या उजव्या विचारांच्या माणसाला मुख्य रणनीतीकार नेमलं, मग अमेरिकेतले मुस्लिम नि मेक्सिकन लोक घाबरले तर त्यांना 'जरा धीर धरा' म्हणणं आपल्याला सोपंय हो. तेव्हा तो रस्ते-पूल बांधायचं म्हणत होता, त्यात डेमोक्रॅट्सनी (हिलरी-ओबामाच्या पक्षाने) खुशाल साथ द्यावी असं मला वाटलं. धर्म बघून व्हिसा नाकारायला लागला तर मात्र पहिल्याच दिवशी कोर्टात जायचं, आणि आपण एच-वन-बीवाल्यांनीही (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी) तेव्हा त्या लोकांच्या बाजूने उभं राहायचं.