वडिलांना कार्बन फायबरचा पाय घ्यावा का? (काम शेतीचं आहे)

सेलूवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांचा डावा पाय दिवाळीच्या टायमाला सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला, गुडघ्याखालून काढावा लागला. आता जखम भरली. संभाजीनगरला एका दुकानात दाखवलं तर ते म्हणायलेत कार्बनचाच घ्या, हलका असतो, पण किंमत ऐकूनच आम्ही उठलो. गावातले म्हणायलेत शिबिरात जयपूर फूट फुकट मिळतो मग कशाला. अण्णांनी एकच लावून धरलंय, वावरात जायचं. आमची जमीन काळी, पावसाळ्यात चिखल कसा धरतो माहितीच आहे. कुणी वापरलाय का?

बालाघाटकर:
भाऊ मी ११ वर्षं झाले जयपूर फूट वापरायलोय. अनवाणी चालतो, उकिडवं बसतो, बांधावरून उतरतो. १९६८ च्या आसपास जयपूरला डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा ह्या कारागिराने बनवला तोच आपल्यासारख्यांसाठी, बुटात राहणाऱ्यांसाठी नाही. अन कार्बनचा पाय कंपोझिट, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एकत्र करून केलेला असतो म्हणाल तर हा पण कंपोझिटच की, रबर, लाकूड अन टायरमधली दोरी एकत्र भाजलेली. कार्बनच्या पायाचं असं की तो ठराविक टाचेच्या बुटावर सेट करतेत, बूट काढला की तोल बदलतो.

पीओ_लातूर:
मी ह्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, पंजा नंतर बघा, आधी सॉकेट बघा, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. कार्बनचं सॉकेट म्हणजे पायाच्या साच्यावर कापडासारखे थर चढवायचे अन व्हॅक्यूम लावून रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) मुरवायचं, पातळ अन कडक होतं. पण तुमच्या अण्णांचा उरलेला पाय अजून वर्षभर तरी बारीक होत जाणार, आज महागडं सॉकेट केलं तर थोड्या महिन्यात ते ढिलं. आत्ता एचडीपीई (प्लास्टिक) पाइपचं स्वस्त सॉकेट घ्या, ढिलं झालं की उरलेल्या पायावर घालायचे मोजे वाढवा. कार्बनचा पंजा पाऊल टेकताना दबतो अन उचलताना ढकलतो, रोज लांब चालणाऱ्याला खरंच फरक पडतो, खोटं नाही. तो वजन अन कामाप्रमाणं निवडावा लागतो, खांद्यावर पोतं घेणार असतील तर ते आधी सांगा. लोखंड आधी वाकून सांगतं, कार्बन सरळ फाटतो. चिखलाने कार्बनला काही होत नाही, पण जोडातले बोल्ट गंजतेत.

जालन्याची_ताई:
थोडं विषय सोडून विचारते, आमच्या आईच्या मांडीत टायटॅनियमचा रॉड आहे, तिथं पण कार्बन असतो का?

पीओ_लातूर:
असतो ताई, पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकमधी कार्बनचे धागे घालून. स्टीलचा कडकपणा २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या आसपास, हाडाचा १५-२०. हा कंपोझिट हाडाच्या जवळ आणता येतो म्हणून हाडावर भार राहतो. एक्स-रेत आडवा पण येत नाही. पण ऑपरेशनच्या टेबलावर वाकवून बसवता येत नाही, अन आईचं हाड जुळलं असेल तर आहे तेच चांगलं, उगं काढाकाढी नको.

सेलूवाला:
अण्णांना वाचून दाखवलं. उकिडवं बसता येतं ऐकलं अन म्हणे झालं की मग. एकच राहिलं, मोजे सुती घ्यायचे का लोकरीचे? इथं उन्हाळा लई आहे.

बालाघाटकर:
सुती. अन चार जोड घ्या, दुपारपर्यंत एक घामाने ओला होतोच.