सुरीच्या पाठीवर कानशीने वेल काढायची आहे, खाचा एकसारख्या पडत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून स्वयंपाकघरातली एक सुरी घडवतोय. पाठ ४ मिमी जाड आहे आणि पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत अखंड जाते. पाटा लाल तापवून रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवला होता, त्यामुळे कानस छान लागते. पात्याला आकार दिलाय. धार लावणं आणि पाणी देणं (लाल तापवून तेलात एकदम थंड करून कडक करणं) बाकी आहे.

पाठीवर वेलीची नक्षी हवी आहे. गोल कानशीने पाठीच्या दोन्ही कडांना आलटूनपालटून अर्धगोल खाचा घ्यायच्या, म्हणजे मधे नागमोडी देठ उरतो. मग प्रत्येक खाचेशेजारी तिकोनी कानशीचा एक काप दिला की पान फुटल्यासारखं दिसतं. फ्रान्समधल्या लायोल या घडीच्या सुऱ्यांच्या पाठीच्या स्प्रिंगवर हातकानशीने केलेली नक्षी पाहिल्यापासून हे डोक्यात आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघतानाही वाटायचं, रोज हातात येणाऱ्या लोखंडावर कुणीतरी इतका जीव लावला होता. ही सुरी आईसाठी आहे, म्हणून घाई करायची नाही.

साध्या लोखंडी पट्टीवर सराव चालू आहे. तिथे दोन अडचणी येतात. डिव्हायडरने ६ मिमीवर खुणा करूनही गोल कानस पहिल्या घासालाच सरकते आणि पुढे जाऊन देठ कुठे जाड, कुठे बारीक होतो. दुसरी अडचण सरावात कळणारच नाही: तिकोनी कानशीचे टोकदार काप असलेली पाठ तेलात बुडवली तर तिथून तडा जाईल का? नक्षी आधी करावी की पाणी दिल्यावर?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

नक्षी आधीच. पाणी दिलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते आणि तिचेच दाते जातात.

कानस सरकते कारण तिला बसायला जागा नसते. प्रत्येक खुणेवर आधी तिकोनी कानशीने हलकी रेघ पाडा, गोल कानस त्या रेघेत ठेवा. पातं व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन फळ्यांत धरा आणि कानस पाठीच्या कडेवर ४५ अंशांत चालवा, म्हणजे खाच वरूनही दिसते आणि बाजूनेही. कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना उचला. पुढे ढकलताना गोल कानस बोटांत किंचित फिरवत न्या. दात्यांत आधी खडू घासून ठेवला तर कीस अडकत नाही. अडकलेला कीसच पृष्ठावर ओरखडे काढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक खाच पूर्ण करून दुसरीकडे जाऊ नका. एका कडेच्या सगळ्या खाचा चार-चार घासांनी उघडा, मग समोरच्या कडेच्या, बरोबर दोन खुणांच्या मध्यावर. मग पुन्हा पहिल्या कडेला या. घास मोजत राहिलात की खोली आपोआप सारखी राहते आणि देठ कुठे बारीक होतोय ते वेळेत दिसतं. ४ मिमीच्या पाठीला दीड मिमी खोली पुरे.

तड्याची भीती खरी आहे. तापलेलं पोलाद झपाट्याने थंड होताना सगळा ताण टोकदार कोपऱ्यात साठतो. काप देऊन झाले की त्यांचे तळ बारीक गोल कानशीने आणि मग काडीवर गुंडाळलेल्या एमरी पेपरने गोलसर करा. पाण्यात बुडवू नका, ५०-६० अंश कोमट केलेलं तेल घ्या. मी तर फक्त धारेची बाजू बुडवतो. पाठ तेलाबाहेर राहिली की ती नरम राहते, नक्षीवर ताण येत नाही. लगेच २०० अंशांवर दोन तास ठेवून पायण उतरवा, म्हणजे कडकपणा थोडा कमी होऊन ठिसूळपणा जातो.

खाचांतली काळी पापडी काढायला पातं काही तास व्हिनेगरमध्ये ठेवा, मग जाड दोऱ्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून खाचेतून ओढा.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद. घास मोजून दोन्ही कडा बरोबरीने खोल करायच्या हे कुणी सांगितलंच नव्हतं, आजच पट्टीवर करून बघतो.

एक विचारायचं राहिलं. वेल मुठीच्या भागातही न्यायची आहे. दोन्ही बाजूंनी शिसवीचे तुकडे इपॉक्सी गोंदाने चिकटवताना तो गोंद खाचांत भरेल. आधी खाचांत मेण भरून ठेवावं, की काळा रंग मिसळलेलं इपॉक्सी मुद्दाम भरून वरून घासून सपाट करावं? स्वयंपाकघरातली सुरी आहे, उघड्या खाचांत कांद्या-मांसाचा मळ बसू नये एवढीच काळजी आहे.